दहावा माणूस

शिमशोन वाकरुळकरांना नांदेडात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला. "काका, तुम्ही ख्रिश्चन का मुसलमान?" ते म्हणायचे, "त्या दोघांच्या आधीचा." मग काका हसून सांगायचे की आपण यहुदी, बेने इस्राएल. मूळ गाव कोकणात, घरात बोलणं मराठी, शनिवार पाळायचा आणि देव एकच. बहुतेकांना एवढ्यानंही काही कळायचं नाही. एक जण तर म्हणाला होता, "म्हणजे ब्राह्मणच की!" त्यावर काका आठवडाभर हसत होते.

रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी लागली म्हणून हा माणूस तरुणपणी इकडं आला आणि इथलाच झाला. शनिवारची ड्युटी दुसऱ्याला द्यायचा आणि दिवाळी, दसरा, पोळा सगळा आपल्या अंगावर घ्यायचा. त्यामुळं खात्यात त्याच्यावर जीव टाकणारे लई. रिटायर झाल्यावर सगळ्यांना वाटलं पुण्याला लेकाकडं जाईल. गेला नाही. शहराच्या कडेला आमच्या कॉलनीत त्यानं घर बांधलं होतं. दाराच्या चौकटीवर एक तिरकी बसवलेली छोटी नळी, आत त्यांच्या धर्माचा मजकूर. घरात शिरताना तिला बोट लावून ओठाला लावायचं.

कॉलनी आधीची आणि कचऱ्याचा ढिगारा नंतरचा, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो, कारण कागदावर उलटं दाखवायची लोकांना लई हौस. शहराचा कचरा आमच्या मागच्या माळावर पडायला लागला. पडला तो पडला, पेटायलाही लागला. थर्माकोलच्या प्लेटा, पाण्याच्या बाटल्या, लग्नाच्या पंगतीतले ग्लास, सगळं जळायचं. धूर खाली बसायचा तो आमच्याच दारात. काकांच्या बायकोला, मिल्काबाईंना, त्यानंच खोकला लागला. नववीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण माहितीच्या अधिकाराचा कायदा मी माझा मी वाचला आणि त्या ढिगाऱ्यावरून ह्या गावातल्या किती खुर्च्यांशी भांडलो त्याचा हिशेब मीच ठेवला नाही.

कचऱ्याच्या गाड्या अडवायला मी पहिल्यांदा रस्त्यात बसलो, तेव्हा कॉलनीतले लोक खिडकीतून बघत होते. एकटा हा म्हातारा डबा घेऊन आला आणि शेजारी बसला. पोलिसानं विचारलं, "तुम्ही कोणत्या पार्टीचे?"

"मी मिल्काचा नवरा," काका म्हणाले. "ती खोकते, मला झोप येत नाही. आता बोला."

तेव्हापासून प्रत्येक आंदोलनात हा माणूस माझ्या बाजूला.

दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात मिल्काबाई गेल्या. कोरोनानं गेल्या असं कागदावर आहे. छाती आधीच धुरानं पोखरलेली होती, हे कागदावर नाही. लेक रूबेन पुण्यात स्वतःच तापानं पडलेला. जिल्ह्याच्या हद्दी बंद. ख्रिस्ती दफनभूमीच्या भिंतीकडेला जुन्या काळच्या दोन यहुदी कबरी होत्या, त्यांच्या बाजूला जागा मिळाली. मी आणि माझी पोरं, पांढरे प्लास्टिकचे झगे घालून, आम्ही त्या माउलीला खाली ठेवलं. काका लांब उभे. त्यांना जवळ येऊ देत नव्हते.

माती झाल्यावर मी म्हणालो, "काका, तुमचं काय असंल ते म्हणा."

"म्हणता येत नाही रे."

"कामून? कोणी अडवतंय का? सांगा, मी बघतो त्याला."

"कोणी अडवत नाही. कद्दीश म्हणायला दहा माणसं लागतात. आमची, तेराच्या वरची. मी एकटा आहे."

तेराव्या वर्षी त्यांच्यात पोरगा माणसांत मोजला जातो. तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, हातानं लिहिलेली कातड्याची गुंडाळी, तिच्यातून तो सगळ्यांसमोर वाचतो. त्याला बार मिट्झ्वा म्हणतात. आणि ते दहा माणसांचं कोंडाळं नसेल तर ती गुंडाळीही उघडत नाहीत आणि मेलेल्यासाठीचं कद्दीशही म्हणत नाहीत. रूबेननं पुढं पुण्याच्या प्रार्थनाघरात आईसाठी म्हटलं, पद्धतीप्रमाणे सगळं केलं. काकांना ते पुरलं नाही. "पुण्यात म्हटलं," ते म्हणायचे, "पण मिल्का पुण्यात नाही ना."

आमच्या शेजारीण दानम्मा, उदगीरकडच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी एकदा विचारलं, "आन बाया किती लागतात?"

"बायांना मोजत नाहीत," काका खाली बघत म्हणाले.

"तुमच्यातबी न्हाई? मग तुम्ही आन आम्ही येकच की हो!"

नातू एतान तेरा वर्षांचा होणार हे कळलं तेव्हा काकांनी लेकाकडं एकच मागणी केली. बार मिट्झ्वा नांदेडात करायचा. रूबेनच्या डोक्यात पुण्याचं लॉन, स्टेज, डीजे होतं, पण बापानं जन्मात काही मागितलं नव्हतं, म्हणून तो हो म्हणाला. सोमवारी आणि गुरुवारीसुद्धा तोरा वाचतात. सव्वीस जानेवारी सोमवारी येत होती, सगळ्यांना सुट्टी. सकाळी पोरगा वाचणार, जेवणं होणार, आणि दुपारी तीच दहा माणसं मिल्काबाईंच्या कबरीवर जाऊन कद्दीश म्हणणार. एवढ्यासाठीच तो सगळा घाट होता.

आणि कार्यक्रमात एक तुकडा प्लास्टिक वापरायचं नाही, हेही काकांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं.

"ज्या बाईसाठी करतोय," ते मला म्हणाले, "तिच्या उरावर परत तेच जाळायला टाकू?"

मग आम्ही कामाला लागलो. फ्लेक्स नाही. पत्रिका नाही, फोन करायचा. पाण्याला तीन रांजण, त्यातलं पाणी उकळून, गाळून, निववलेलं. पाहुण्यांना जाताना कापडाच्या पुरचुंडीत चिंचेचं आणि कडुनिंबाचं बी. फोनवर एतान म्हणाला, "आजोबा, फुगे तरी?" काका म्हणाले, "बाळा, तू माणसांत येतोयस, फुग्यांत नाही."

ताटांचा प्रश्न अवघड होता. मी म्हणालो, मंदिरातनं पंगतीची स्टीलची ताटं आणतो. काकांनी मान हलवली. त्यांच्यात दूध आणि मटण एका भांड्यात चालत नाही, दुसऱ्याच्या ताटात आधी काय वाढलं होतं ते कोण सांगणार. मग मी किनवटला गेलो. इस्लापूरच्या अलीकडं एका वस्तीवर चतुराबाई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावतात. त्यांना म्हणालो, शंभर लावून द्या, पण नव्या पानांच्या. त्या म्हणाल्या, "जुन्या पानाची पत्रावळ कोन लावतंय? भांग पिऊन आलास का?" प्रार्थना चालवणारे त्यांचे हझान पुण्याहून फोनवर होते, त्यांना काकांनी विचारलं. ते खूश झाले. पानाला कशाचाही विटाळ नाही, दुधाचाही नाही आणि मटणाचाही नाही. काकांनी फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "केरबा, झाडानं दोन्ही कायदे पाळले बघ. तुझाही आणि माझाही." त्या माणसाला एवढं खूश मी परत पाहिलं नाही.

माणसं मोजून झाली होती. काका, रूबेन, एतान. हझान. पुण्या-ठाण्याचे पाच नातेवाईक, नांदेडला यायला तयार झालेले. हे झाले नऊ. आणि दहावा मिल्काबाईंचा सख्खा भाऊ हायम, त्याची दोन पोरं वेगळी. म्हणजे बारा झाले, काळजी नव्हती.

हायमचा फोन आला तेव्हा काका, दानम्मा आणि मी, आम्ही तिघं काकांच्या ओट्यावर होतो. काका मनुका निवडत होते. दारू नको म्हणून ते लोक काळ्या मनुका भिजवून, कुस्करून सरबत करतात, त्यावरच आशीर्वाद म्हणतात. हात चिकट म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

"भाऊजी, मी ट्रॅव्हलर ठरवलीय. सगळ्यांना घेऊनच येतो."

"कशाला डिझेल जाळतोस? रेल्वे आहे ना. मी रिझर्वेशन सांगतो सगळ्यांचं."

"तुमची रेल्वे राहू द्या. सामान आहे बरोबर. पाण्याचे बॉक्स घेतोय, तुमच्याकडचं पाणी आम्हाला सोसत नाही. आणि प्लेटा, ग्लास, वाट्या सगळं माझ्या दुकानातलं. तुम्ही काही बघायचं नाही. मामाकडून."

हायमचं पुण्यात दुकान होतं. लग्नाच्या, वाढदिवसाच्या, एकदा वापरून टाकायच्या सामानाचं. हे मला त्या दिवशी कळलं. काकांना तीस वर्षं माहीत होतं.

"हायम, पत्रावळी आल्यात. ते नको आणू."

"पत्रावळी? ताईच्या नातवाचा बार मिट्झ्वा, आणि लोकांना जमिनीवर पानात?"

"ताईच्याच नातवाचा. म्हणूनच."

"म्हणजे माझ्या दुकानाचं तुमच्या दारात चालत नाही."

काकांनी मनुकांचं ताट बाजूला सारलं. "नाही चालत. तुझी बहीण त्याच धुरात गेली. माझ्या मागं काय जळतंय, तुला माहीत आहे? प्लेटा जळतात."

मला वाटलं फोन कट झाला.

मग हायम म्हणाला, "म्हणजे मी मारली?"

काका बोलले नाहीत. नाही, असं एवढंच म्हणायचं होतं. दानम्मा हातानं खुणावत होत्या, म्हणा, म्हणा. ते मनुकांकडं बघत राहिले. तिकडून फोन ठेवला गेला.

"परत लावा," दानम्मा म्हणाल्या. "म्हणा, तसं न्हवतं म्हणायचं मला. येवढुसं तर हाय."

"तसंच म्हणायचं होतं," काका म्हणाले.

"आवं, माणूस कमी पडतंय तुमचं! दहावं कोण आणनार?"

"येईल तो. बहिणीसाठी येईल. मी त्याला चड्डीत असल्यापासून ओळखतो."

मी म्हणालो, बरोबर बोललात काका. आजही तेच म्हणतो. ज्याचा धंदा आपल्या छातीत उतरतो त्याला दारात फुलं टाकून घ्यायचं नसतं. दानम्मा मला म्हणाल्या, "तुमा दोगांला येका खोलीत कोंडून ठिवायला पायजे." आणि उठून गेल्या.

पुढचे पंधरा दिवस काकांनी हायमला फोन केला नाही. रूबेननं दोन्हीकडून करून पाहिले. हायम म्हणाला, त्यांनी एकदा म्हणू दे की तसं नाही. काका म्हणाले, त्यानं आधी दुकान बदलावं. रूबेन मला फोनवर म्हणाला, "केरबाकाका, तुम्ही तरी सांगा बाबांना. आईसाठी एवढं करतायत आणि आईचंच राहील." मी म्हणालो, तुझा बाप वाकणारा असता तर आमच्या शेजारी रस्त्यात बसला नसता. त्यावर रूबेननं फोन ठेवून दिला.

सोमवारी सकाळी रेल्वे वेळेवर आली. काकांनी पांढरा सदरा घातला होता, डोक्यावर छोटी टोपी. ते प्लॅटफॉर्मवर डब्यामागून डबा बघत गेले. रूबेन उतरला, बायको, एतान. हझान उतरले, कापडात गुंडाळलेली तोरा छातीशी धरून. पाच नातेवाईक उतरले. हायम नाही, त्याची पोरंही नाहीत. काका तरी पुढंच चालत राहिले. इंजिनापर्यंत गेले. गाडी हलली तरी तिथंच उभे. मी जाऊन हाताला धरलं.

"मागच्या गाडीनं येत असेल," ते म्हणाले.

घरात नऊ खुर्च्या भरल्या. दहावीवर काकांनी प्रार्थनेचं पुस्तक आणि टोपी ठेवली होती, ती तशीच. हझान थांबले. दहा वाजले. अकरा वाजले. एतान कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून आपला पाठ पुटपुटत होता. वर्षभर पाठ केला होता पोरानं, कातड्यावरून वाचायचा म्हणून.

शेवटी काकांनी हायमला स्वतः फोन लावला. सगळ्यांसमोर. आता म्हणतील, असं आम्हाला वाटलं.

"कुठवर आलास?"

पलीकडून काय म्हटलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. काका म्हणाले, "बरं." फोन खिशात टाकला. "दुकानात आहे," ते म्हणाले. "सुट्टीचा दिवस, गिऱ्हाईक जास्त असतं."

मी तसा कधी पाया पडणारा माणूस नाही. पण मी हझानांसमोर गेलो आणि म्हणालो, "मला टोपी द्या. तीस माणसांच्या जागी मी उभा राहिलोय आजपर्यंत. दहावा म्हणून बसतो."

हझान वयस्कर, शांत. त्यांनी काकांकडं बघितलं. काका उठून माझ्याजवळ आले. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर.

"लेका, तू दहा माणसांएवढा भांडतोस," ते म्हणाले. "पण दहावा नाही होऊ शकत."

एवढं हळू बोलले की मला राग येईना.

तोरा कापडातच राहिली. एताननं छापील पुस्तकातून वाचलं. आवाज फुटत होता, बालपण सरताना फुटतो तसा. चुकला नाही. मग मलीदा केला. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर केळी, बोरं, खजूर. तो त्यांच्यात एलियाहू नबीच्या, त्यांच्या जुन्या प्रेषिताच्या, नावानं ठेवतात. पळसाच्या पानावर तो मलीदा काय दिसत होता! पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं. एक जण म्हणाला, पुण्यात असं करायला पाहिजे. काका सगळ्यांना वाढत होते. स्वतः काही खाल्लं नाही.

दुपारी कबरीवर गेलो. कबरस्तानातून बाहेर पडताना ते लोक हात धुतात, आणि तिथं नळ नाही. म्हणून काकांनी पितळेचा तांब्या घासून, भरून, फाटकाशी ठेवला होता. कबरीसमोर हझानांनी स्तोत्रं वाचली. मराठीतही वाचली, ती मला कळली. कद्दीश झालं नाही. काका मिल्काबाईंच्या दगडावर एक बारका खडा ठेवून वळले. माळाच्या बाजूनं धूर येत होता. सव्वीस जानेवारीचा सगळा कचरा, झेंडे, प्लेटा, पताका, आता कुठं जळायला लागला होता. एतान खोकला. काकांनी त्याच्या तोंडावर आपला रुमाल धरला.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीनं गेले.

शिवरात्र झाली आणि काका गेले. खोकला वाढला होता, दवाखान्यात जा म्हटलं की उद्या म्हणायचे. दानम्मा सकाळी चहा घेऊन गेल्या तर ओट्यावर खुर्चीत बसलेले, मान एका बाजूला. मी रूबेनला फोन केला. तो म्हणाला, "मी हायममामांना सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत ट्रॅव्हलर आली. डिझेलचा वास घेऊन, खचाखच भरलेली. पहिला उतरला तो हायम. जाड, टक्कल पडलेला, डोळे सुजलेले. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण मिल्काबाईंचं नाक मी ओळखलं. त्याच्या मागून रूबेन, एतान, हझान, हायमची दोन पोरं, ते जानेवारीतले पाच, आणि आणखी कितीतरी माणसं, शेजारची, दुकानातली, प्रार्थनाघरातली. एवढी माणसं हायमनं एका रात्रीत गोळा केली होती.

त्यांनी काकांना आंघोळ घातली, पांढऱ्या कापडात गुंडाळलं. कबरस्तानात माती झाल्यावर रूबेन पुढं झाला आणि त्यानं कद्दीश म्हटलं. मला त्यातलं अक्षर कळत नाही. मधेमधे सगळे एका आवाजात आमेन म्हणायचे, तेवढं कळलं. मग हझानांनी त्याच्या दंडाला धरलं आणि दोन पावलं बाजूला आणलं, मिल्काबाईंच्या दगडासमोर. परत सगळे उभे राहिले. परत तेच शब्द. हायम सगळ्यात मागं होता आणि त्याचा आमेन सगळ्यांच्या नंतर यायचा. एतान पहिल्या ओळीत, मोठ्या माणसांत.

बाहेर पडताना सगळे फाटकाशी थांबले. हात धुवायचे होते. तांब्या घरीच राहिला होता. कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. हायम ट्रॅव्हलरकडं गेला आणि पाण्याचा बॉक्स फोडून बाटल्या घेऊन आला. एकेकाच्या हातावर पाणी घालत तो शेवटी माझ्यासमोर आला.

"तू केरबा ना?"

"हाव."

"ते शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का?"

बोलले होते. शिवरात्रीच्या आधी एकदा ओट्यावर म्हणाले होते, हायमला फोन करायला पाहिजे. का, ते म्हणाले नाहीत, आणि केला नाही. मी तेवढंच त्याला सांगितलं. जास्त एक शब्द घातला नाही.

हायमनं मान हलवली. "हात पुढं कर," तो म्हणाला.

मी त्या बाटलीकडं बघितलं. मग हात पुढं केले. पाणी गार होतं. बाटली संपेपर्यंत तो घालत राहिला, आणि मग रिकामी बाटली हातात धरून इकडंतिकडं बघायला लागला. तिथं टाकायला काहीच नाही. त्यानं मला विचारलं, "ही कुठं टाकायची?"

मी माळाकडं बोट दाखवलं. तिकडं धूर निघत होता.

त्यानं तिकडं बघितलं. मग फाटकाशी ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या गोळा करत त्यानं सगळ्या परत बॉक्समध्ये भरल्या आणि बॉक्स गाडीत स्वतःच्या सीटखाली ठेवला. पुण्यात नेऊन त्यानं त्यांचं काय केलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.